चौदा वर्षे घरी होते, आता मला नोकरी कोण देणार?



गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी अजून बाजूला ठेवलेले नाही. वहीचे रेघी पान, दोन्ही बाजूंनी भरलेले, शेवटच्या ओळी समासात आडव्या लिहिलेल्या. तालुक्याच्या गावातल्या एका भगिनीचे ते पत्र आहे. तिच्या परवानगीने त्यातला थोडा भाग देते.

"ताई, माझं वय ४१. लग्नाआधी बी.कॉम. झाले. अडीच वर्षं एका पतपेढीत हिशेबाला होते. मुलीच्या वेळी नोकरी सोडली ती सोडलीच. आता यांचा कारखाना श्रावणात बंद झाला. साठवलेले पैसे फार तर होळीपर्यंत पुरतील. मी तीन ठिकाणी अर्ज टाकले. एका ठिकाणाहून बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, 'चौदा वर्षं काय करत होतात?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'काही नाही, घरीच होते.' त्यांनी बरं म्हटलं आणि कागद परत दिला. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. यांना सांगितलं, जागा आधीच भरली होती. ताई, माझ्यासारखीला आता कोण घेणार?"

बाई गं, पहिली गोष्ट तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी. त्या साहेबांचा प्रश्न टोचला हे खरे, पण तो अपमान करायला विचारलेला नव्हता. नोकरी देणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी तीन शंका असतात. ही बाई रोज वेळेवर येईल ना? आजचे काम हिला आज येते का? आणि दोन महिन्यांत घरच्या अडचणीने सोडून तर जाणार नाही? "चौदा वर्षं काय करत होतात" या प्रश्नाच्या पोटात हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे तयार असली की पहिल्या प्रश्नाचे भय उरत नाही.

काही जणी सांगतात की अशा वेळी "मी घर चालवलं म्हणजे मी मॅनेजरच होते" असे बाणेदारपणे सांगावे. माझे मत विचाराल तर तसे सांगू नये. ऐकणारा मनात हसतो. त्यापेक्षा नेमके सांगावे. सोसायटीची वर्गणी दोन वर्षे जमा करून वही ठेवली असेल तर ते सांगा. भिशीचा हिशेब तुमच्याकडे असेल, सासूबाईंच्या दवाखान्याची बिले लावून विम्याचे पैसे तुम्ही मिळवले असतील, तर ते सांगा. हे खरे काम आहे, आणि ते ज्याला कळायचे त्याला बरोबर कळते.

आधी ट्रंक काढा

अर्ज लिहायला बसण्याआधी पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढा. दहावी-बारावीची, पदवीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, जुन्या नोकरीचे नेमणुकीचे पत्र, पगाराची एखादी पावती, सगळे एका फायलीत लावा. अनुभवाचा दाखला घ्यायचा राहिला असेल तर जुन्या ठिकाणी जाऊन मागा. चौदा वर्षांनी कसे जायचे म्हणून संकोचू नका. दप्तरात तुमच्या सह्या आहेत.

आपल्या बायकांची नेहमीची अडचण नावाची. पदवीवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. दोन्ही जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नाची नोंदणी तेव्हा केली नसेल तर ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आताही करता येते. काही ठिकाणी राजपत्रात नाव बदलल्याची नोंद मागतात, तीही करून ठेवता येते. या कामांना दिवस लागतात, म्हणून मुलाखतीचे पत्र यायची वाट पाहू नका.

आणि एक पक्के लक्षात ठेवा. मूळ कागद कोणाच्या हवाली करायचे नाहीत. दाखवायचे आणि परत फायलीत ठेवायचे. झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करावी.

एकच गोष्ट धरा, पण आजची

घाबरून चार क्लास एकदम लावू नका. फीचे पैसे जातात आणि हाती धड काही लागत नाही. जे पूर्वी येत होते त्याच्याच पुढची पायरी धरा.

आता आमच्या या भगिनीचेच बघा. तिने पतपेढी सोडली तेव्हा जीएसटी नव्हता, तो १ जुलै २०१७ पासून आला. पण रोजकीर्द आणि खतावणी कळणाऱ्या माणसाला तो परका नाही. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि संगणकावर तक्ते करणे, एवढे तीन महिन्यांत बसते. कुठे शिकावे? क्लास लावण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोघींना भेटा. हाताने किती काम करून घेतले ते विचारा. "नोकरीची हमी" असे पाटीवर लिहिलेले असले तर जरा दोन पावले मागेच थांबा.

एक आतली गोष्ट सांगते. दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्यांच्या तारखा ११ आणि २० अशा असतात. त्यामुळे हिशेबनिसांच्या आणि सीएंच्या कार्यालयांत महिन्याच्या १० ते २० तारखांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जुलैमध्ये प्राप्तिकराची घाई वेगळीच. या दिवसांत मुलाखत मागायला जाल तर कोणी मान वर करून बघणार नाही. महिनाअखेरीस जा आणि विचारा, "दहा ते वीस तारखांना तुम्हाला जास्तीचा हात लागतो का? तेवढ्या दिवसांसाठी येईन." दहा दिवसांचे काम आधी मिळते, पूर्ण महिन्याचे मग मागता येते.

सरकारी नोकरीबद्दल पुष्कळ जणी विचारतात. तिथे वयाचे सरळ गणित आहे. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागते, त्याचे शासकीय प्रमाणपत्र लागते. वय बसत असेल तर आजच तयारीला लागा. बसत नसेल तर जाहिराती बघत वर्ष घालवू नका, खाजगीकडे वळा.

ज्यांचे शिक्षणच अर्धे राहिले त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची चौकशी करावी. १९८९ पासून ते घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. संसारात पडल्यावर शिकायचे म्हणजे आपल्याकडे काही नवल नाही. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू केले, तेव्हा तिथे मोठ्या वयाच्या, लग्न झालेल्या आणि विधवा बायकाच शिकायला येत. लोकांचे बोलणे ऐकून त्या परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. आपल्याला तेवढे ऐकून घ्यावे लागत नाही, हे काय थोडे आहे?

सांगितल्याशिवाय कळत नाही

गावातल्या पुष्कळशा जागा जाहिरातीत येतच नाहीत. औषधांचे घाऊक दुकान, दवाखान्याचे बिलांचे टेबल, शाळेचे कार्यालय, गॅसची एजन्सी, पतपेढी, बियाण्यांचे दुकान, इथली माणसे ओळखीतून घेतली जातात. म्हणून २५ माणसांची यादी करा. त्यात जुनी मैत्रीण, मुलाच्या शिक्षिका, वाणी, भिशीतल्या बायका, नणंदेचे यजमान, सगळे आले.

मात्र त्यांना "काहीतरी काम असलं तर सांगा हं" असे म्हणू नका. ते "हो हो" म्हणतात आणि जिना उतरेपर्यंत विसरतात. असे सांगा, "मला हिशेबाचं काम हवंय, दहा ते पाच. टॅली शिकतेय, पतपेढीत अडीच वर्षं होते." आता त्या माणसाच्या डोळ्यांपुढे एखादे दुकान येईल. पदर पसरायचा नाही, हातातले काम दाखवायचे.

सरकारी दारेही ठोठावा. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते. पूर्वी ज्याला आपण रोजगार विनिमय केंद्र म्हणत होतो तेच. राज्य सरकारच्या 'महास्वयम' वर आणि केंद्र सरकारच्या २०१५ साली सुरू झालेल्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस' वर मोबाइलवरून नाव नोंदवता येते. नोंदणीला पैसे पडत नाहीत. या केंद्रांतर्फे रोजगार मेळावे भरतात, तिथे एका दिवसात चार-पाच ठिकाणी बोलून होते. पहिल्या मेळाव्यात नोकरी मिळाली नाही तरी बोलायची भीती मोडते.

कोठे गेलात, कोणाला भेटलात, काय म्हणाले, परत कधी जायचे, हे एका वहीत लिहा. दुधाचा हिशेब ठेवता तसाच. पंधरा दिवसांनी वही उघडली की दिसते, "दिवाळीनंतर या" म्हणालेल्या चार जणांकडे आपण परत गेलोच नाही.

लग्नाचा बायोडाटा नको

नोकरीसाठी लिहिलेल्या एका बायोडाट्यात मी उंची, वर्ण, गोत्र आणि मामाचे कूळ वाचलेले आहे! तो लग्नाचा नमुना, तो कपाटात राहू द्या. इथे एक पान पुरे. वर नाव, गाव, मोबाइल नंबर. खाली आज येणारी कामे तीन-चार ओळींत. मग जुना अनुभव, मग शिक्षण. मधली वर्षे लपवू नका, त्यांच्यापुढे एक ओळ लिहा: "कौटुंबिक जबाबदारी, या काळात सोसायटीचा हिशेब सांभाळला." लपवलेले दिसतेच, आणि मग खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

मुलाखतीचे उत्तर मोठ्याने म्हणून बघा. कणीक मळताना म्हणा, कोण बघतेय? "मुलं लहान होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आता मुलगी कॉलेजात जाईल, मुलगा सातवीत आहे. तीन महिन्यांत टॅली शिकले. घरून साडेनऊला निघू शकते. एखादं काम देऊन बघा." चार-सहा वाक्ये, आणि तिन्ही शंकांची उत्तरे झाली. मग गप्प बसावे. गप्प बसणेही शिकावे लागते.

पगार विचारायला लाजू नका. हातात किती, सुट्टी कोणती, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, हे आधीच विचारावे. जुन्या नोकरीत निधी कापला जात असेल तर तो क्रमांक शोधून ठेवा, ते पैसे तुमचे आहेत. कामाची चाचणी म्हणून एक-दोन तास बसवले तर ठीक, पण महिनाभर फुकट राबू नये. आणि जिथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे बायकांच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, असा २०१३ चा कायदा आहे. कोणत्याही जागी पाऊल टाकताना हे माहीत असलेले बरे.

पैसे मागेल तो नोकरी देणारा नव्हे

"घरबसल्या महिना तीस हजार", "पेन पॅकिंग करा", "टायपिंग करा", असे निरोप मोबाइलवर येतात. आधी नोंदणीचे पाचशे, मग सामानाचे दोन हजार. टायपिंगवाले तर आणखी पुढे जातात, "तुमच्या कामात चुका निघाल्या, करार मोडलात, पैसे भरा नाहीतर वकिलाची नोटीस येईल" म्हणून धमकावतात. चित्रफितींना पसंती द्या आणि पैसे मिळवा, असे सांगणारे पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरेच देतात आणि चौथ्या दिवशी वीस हजार घेऊन जातात.

काम करून पैसे मिळतात. काम मिळावे म्हणून पैसे द्यायचे नसतात. कोणाला ओटीपी सांगू नका, बँकेच्या पुस्तकाचा फोटो पाठवू नका. फसगत झालीच तर लाजेने लपवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. नवरा रागावेल म्हणून चार दिवस गप्प बसलेल्या बाईचे पैसे सहसा परत येत नाहीत.

आता घरातले

पत्रातले एक वाक्य मला सगळ्यांत जास्त लागले: "यांना सांगितलं, जागा आधीच भरली होती." बाई, हे खोटे तू त्यांच्यासाठी बोललीस हे मला कळते. आधीच त्यांचा कारखाना गेलेला, त्यात आणखी ओझे कशाला? पण दोघेही काम शोधत आहेत आणि दोघेही एकमेकांपासून लपवून रडत आहेत, असे घर लवकर थकते. आज रात्री मुले झोपल्यावर खरे सांगून टाक. कदाचित तेही गेल्या आठवड्यात असेच कुठून तरी परत आले असतील.

मग दोघांनी मिळून वही घ्या. शिल्लक किती, महिन्याचा खर्च किती, कोणता हप्ता पुढे ढकलता येईल. तुझ्या नोकरीचाही हिशेब मांडा. समजा पगार ९,००० ठरला. बसचे १,२००, मुलाच्या शिकवणीचे ८००, घाईच्या दिवशीचे बाहेरचे खाणे ३००. हातात उरले ६,७००. हा आकडा आधी माहीत असला म्हणजे पहिल्या पगाराच्या दिवशी "एवढेच?" असे कोणी म्हणत नाही.

यजमान घरी आहेत तोवर सकाळचा डबा आणि मुलाला शाळेत सोडणे त्यांच्याकडे द्यावे. उपकार मागितल्यासारखे नको आणि टोमणा मारूनही नको. "तुम्ही नुसतेच बसलायत" हे वाक्य ओठांवर आले तर गिळून टाकावे, त्याची जखम नोकरी लागल्यावरही भरत नाही. सासूबाईंना आधी सांगावे, शेजारणीकडून कळू देऊ नये. पोळ्या जाड-पातळ होतील, कुकरच्या शिट्ट्या चुकतील. होऊ द्या.

शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, आजवर या पानावर लिहिलेली नाही. १९९५ साली, माझ्या ३६ व्या वर्षी मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी मागायला गेले होते. "टायपिंग येतं" म्हणून सांगून बसले होते. यायचे, पण अकरा वर्षांपूर्वी! मशिनपुढे बसवले तर बोटे एकमेकांत अडकली. तिथले हेडक्लार्क भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, महिनाभर हात बसवा आणि परत या." मी महिनाभर हात बसवला. पण परत गेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, असे वाटले. पुढे वर्षभराने कळले की ती जागा त्यानंतर अडीच महिने रिकामीच होती. हेडक्लार्क एकदा बाजारात भेटले, म्हणाले, "आम्ही तुमची वाट बघत होतो." हातातल्या पिशवीतली मेथी मी उगीचच सारखी करत राहिले. काय बोलणार?

म्हणून माझ्या या भगिनीला सांगते. टॅलीचा क्लास लाव. तीन महिने संपले की त्याच साहेबांकडे परत जा, महिनाअखेरीस, दुपारी अकराच्या सुमाराला. म्हणावे, "मी मागे आले होते. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज सांगते." फार तर ते नाही म्हणतील, आणि वहीत एक ओळ जास्त होईल. पुढच्या नावाकडे जायचे.

आणि काय झाले ते मला कळव, नोकरी लागली तरी आणि नाही लागली तरी. बाकीच्या मैत्रिणींनीही लिहावे. ज्यांना संसारात पडल्यावर काम मिळाले, त्यांनी पहिली नोकरी नेमकी कोणामुळे आणि कशी मिळाली तेवढे चार ओळींत लिहून पाठवावे. कोणाची तरी होळी त्या चार ओळींवर गोड होईल.

तुमची,
ताई